आधी मशीन ठरवा, मग सुताराला बोलवा

स्वयंपाकघर लहान असेल तर ट्रॉल्यांचा रंग वगैरे नंतर बघा. आधी कोणती उपकरणं बसवायची ते मॉडेलसकट ठरवा आणि त्यांची मापं सुताराच्या हातात द्या.

सगळ्यात जास्त रडवतो तो डिशवॉशर. बिल्ट-इन मशीनला साधारण ८२ सेंमी उंची लागते, तीही ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूपर्यंत. आपल्याकडे जुने ओटे बऱ्याचदा ३२ इंचांचे, म्हणजे वरच्या पृष्ठभागापर्यंतच ८१ सेंमी! ओटा नवा होणार असेल तर ३४-३५ इंच धरा, पण घरात रोज पोळ्या कोण लाटतं त्या माणसाला ओट्याशी उभं करून बघा. माप फरशी बसल्यावरचं घ्यायचं. रुंदीत ६० सेंमी मिळत नसतील तर ४५ सेंमीचं मशीन येतं. कुकर-कढयांना ते जरा अडचणीचं, दोघातिघांना पुरतं.

प्लग मशीनच्या मागे कधीही नको. तिथे जागा खातो आणि बिघाड झाला की हातच पोचत नाही. १६ अँपिअरचा पॉइंट शेजारच्या कपाटात घ्या, पाण्याचा कॉकही तिथेच. ओव्हनला स्वतंत्र लाइन ओढा. हवा खेळायला कंपनीने सांगितलेली फट सोडा. सुतार म्हणेल 'काही होत नाही', ऐकू नका.

सिंकशेजारी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, प्लायच वापरा. हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी, ग्रॅनाइट कापायचा तो हॉब घरात आल्यावर, कॅटलॉग बघून नाही.