सोळा माणसांचा स्वयंपाक कोण करणार?

"अक्का, नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहते, वय 37. मिस्टर कंपनीचं काम घरूनच करतात. दहा वर्षांची मुलगी आहे. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांना साखर आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. मिस्टरांचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. पाच कुटुंबं, लहानमोठी धरून सोळा माणसं. सगळ्यांनी मिळून खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं रानाला लागून नऊ एकर जमीन बघितली आहे. मातीची घरं बांधायची, आपलं आपण पिकवून खायचं, मुलांना घरीच शिकवायचं असं ठरतंय. त्यासाठी आमचा फ्लॅट विकायचा. जमीन ग्रुपमधल्या एकाच्या नावावर घेणार, कारण तो शेतकरी आहे आणि बाकीच्यांना शेतजमीन घेता येत नाही म्हणे. मलाही रान आवडतं. पण रात्री झोप लागत नाही. काही विचारलं की मिस्टर म्हणतात, तू भित्री आहेस, सगळे समविचारी आहेत, होईल सगळं. सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्यांचं माहेर गुंजीकडचं. अक्का, मी अडवणूक करते आहे का?"

बाळ, तू अडवणूक करत नाहीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात घरं कशी असणार ते आहे, जमीन किती ते आहे, शाळेचंही आहे. सोळा माणसांचा स्वयंपाक कोण करणार, हे कुठंच नाही. तू लिहायला विसरलीस असं मला वाटत नाही. तुमच्या बैठकीत तो विषय कुणी काढलाच नसणार, आणि तुझी झोप तिथंच उडालेली आहे.

मी त्याच भागातली. जांबोटीच्या पलीकडं आमचं गाव, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी तिथं होते. रानाची ओढ म्हणजे काय ते मला सांगायला नको. मृगाचा पहिला पाऊस पडला की तांबड्या मातीचा जो वास येतो, त्याच्यासाठी मी आजही दर जूनमध्ये गावी जाते. तेव्हा शहर सोडू नका म्हणून सांगणारी मी नव्हे. पण त्याच रानात माझी आई पहाटे चारला उठायची. चूल पेटवायची, अकरा माणसांची न्याहारी करायची, मग इरलं घेऊन रोप लावायला जायची आणि संध्याकाळी ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत घेऊन परत चुलीपुढं बसायची. पावसाळ्यात तिचे पाय चिखल्यांनी फुटलेले असायचे. शेत सगळ्यांचं होतं, चूल मात्र तिच्या एकटीची.

तुझ्या घरापासून काँग्रेस विहीर लांब नाही. 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली ती विहीर रोज येता-जाता दिसत असेल. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी. त्याच्याआधी 1910 साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गपासून 21 मैलांवर अशीच एक वस्ती केली होती, टॉलस्टॉय फार्म. मित्रानं दिलेली 1100 एकर जमीन, हजारभर फळझाडं, दोन विहिरी, एक झरा. तिथं वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या भाषांची कुटुंबं होती. तरीही आधीच ठरलेलं होतं: स्वयंपाकघर एक, पंगत एक, आपलं ताट आपण घासायचं आणि सामाईक भांडी पाळीपाळीनं टोळ्यांनी घासायची. इतका मोठा माणूस, इतकं मोठं ध्येय, आणि भांडी कुणी घासायची हे त्यांना ठरवून ठेवावं लागलं. तुमच्या ग्रुपनं ते 'होईल सगळं' वर सोडलंय.

पुढच्या बैठकीला एक कागद घेऊन जा. सात वार लिही. प्रत्येक वारापुढं सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं कोण, भांड्यांना कोण, पाण्याला कोण, संडास साफ करायला कोण, ते नावानिशी लिहायला सांग. पुरुषांची नावंसुद्धा. त्याआधी आणखी एक कर. पाच घरांतल्या तुम्ही बायका एकदा वेगळ्या बसा. मला वाटतं, झोप न लागणारी तू एकटी नाहीस.

आता पोटाचा हिशेब. माणशी दिवसाला पाव किलो तांदूळ धरला, तर सोळा माणसांना रोज 4 किलो, वर्षाला 14 क्विंटल 60 किलो. तेवढ्यासाठी टरफलासकट बावीस-तेवीस क्विंटल भात घरात यायला हवं. पावसावरची शेती, खत-औषध न घालता, नवखे हात; पहिल्या वर्षांत एकरी दहा-बारा क्विंटल मिळालं तरी देव पावला म्हणायचं. म्हणजे दोन एकर भाताची खाचरं हवीत. तुमच्या नऊ एकरांत खाचरं किती आणि माळ किती, हे कुणी चालून बघितलंय का? एका एकराच्या रोप लावणीला आठ-दहा माणसं दिवसभर वाकलेली लागतात, आणि पाऊस सगळ्यांच्या शेतात एकदमच पडतो, त्यामुळं मजूर मिळेल या भरवशावर राहू नका. मीठ तर विकत घ्यावंच लागतं. तेलाचं म्हणशील तर भुईमूग पिकतो तो पूर्वेकडच्या कोरड्या भागात, जांबोटीच्या पावसात नव्हे. हातात पैसा यायचा तो काजूचा, पण काजूची नवी लागवड तीन वर्षांनी धरायला लागते आणि चांगलं उत्पन्न यायला सात-आठ वर्षं जातात. तोपर्यंत कुणाच्या तरी पगारावरच घर चालणार. तुझ्या यजमानांनी कंपनीचं काम सोडायचं ठरवलं असेल, तर त्याला ठामपणे नको म्हण. काम ठेवायचं म्हटलं तर पावसाळ्यात तिथं वीज आणि नेटवर्क किती टिकतं, ते जुलैमध्ये आठ दिवस तिथं बसून बघायला सांग.

भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे येतात. आमचे वडील दोन महिने शेतातल्या माळ्यावर झोपायचे, हातात डबा आणि काठी. दांडेलीच्या बाजूनं कधी हत्ती उतरतात. खानापूर तालुक्यात अस्वलाच्या हल्ल्यात जखमी झालेली माणसं मी पाहिलेली आहेत. रानडुकराला परवानगीशिवाय मारलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. गोचिडीमुळं होणारा माकडताप चोर्ला घाटाच्या पलीकडं गोव्यातल्या सत्तरीत आणि दोडामार्गात येऊन गेलाय, तेव्हा जानेवारी ते मे रानात फिरताना अंग झाकूनच फिरायचं.

जमिनीच्या कागदाबद्दल मला फार काळजी वाटते. शेतकरी नसलेल्याला कर्नाटकात शेतजमीन घेता येत नाही, ही अट पूर्वी होती, खरं. जमीन सुधारणा कायद्यातली 79 अ आणि 79 ब ही कलमं. ती 2020 च्या दुरुस्तीनं निघाली. मग पाच कुटुंबांचे पैसे एकाच्या नावावर कशाला? तो माणूस चांगला असेलही. पण उद्या त्यानं कर्ज काढलं, त्याचं काही बरंवाईट झालं, त्याच्या भावांनी वाटणी मागितली, तर तुझा फ्लॅट गेला आणि उताऱ्यावर तुझं नाव नाही. आमच्याच घरात असं झालं. वडिलांनी विश्वासानं चुलत्याच्या नावावर घेतलेलं काजूचं रान आज आमचं नाही, आणि एकाच चुलीवर वाढलेली आम्ही भावंडं आता एकमेकांच्या लग्नाला जात नाही. पैसे देणाऱ्या प्रत्येकाचं नाव उताऱ्यावर लागलं पाहिजे, नवऱ्याबरोबर बायकोचंही. कुणाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा कुठल्या दरानं आणि किती दिवसांत द्यायचा, हे आधी लिहून ठेवा. सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, ज्याला 11 ई म्हणतात, तो झाल्याशिवाय रजिस्टर होत नाही. जमीन रानाला लागून आहे म्हणतेस, तर हद्द वनखात्याकडून दाखवून घ्या. माणसं विकतात ती जमीन कधी कधी त्यांची नसतेच. वर्षानुवर्षं कसत असतात, पण कागदावर ते वन असतं. वनहक्क कायद्यानं तसल्या जमिनीवर हक्क सांगायचा तर आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. तुम्हाला ती वाट नाही. शेतात पाच घरांची वस्ती करायची तर एनएचं, म्हणजे बिगरशेती परवानगीचं काय, तेही वकिलाला विचारा. हे सगळे कागद कन्नडमध्ये असतात. सोळांत कन्नड नीट वाचणारं कोण आहे?

तुझ्या यजमानांना माझ्याकडून एक सांग. ते ज्याला मोकळं रान समजतात, ते मोकळं नाही. तिथं गवळी धनगरांचे वाडे आहेत, आमच्यासारख्या मराठ्यांची गावं आहेत. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. त्याच्या आत तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव ही पिढ्यान्‌पिढ्यांची गावं. पावसात नाल्याला पूर आला की आजाऱ्याला झोळीत घालून मैलोन्‌मैल चालत आणायचं, असं त्या गावांचं जगणं. शेवटी तळेवाडीची कुटुंबं 2025 साली घरटी 15 लाखांची मदत मान्य करून बाहेर यायला लागली. ज्यांना रानातली प्रत्येक वनस्पती नावानं माहीत, ती माणसं लेकरांसाठी रस्ता, शाळा आणि दवाखाना शोधत खाली येतात, आणि तुम्ही लेकरं घेऊन वर जायला निघालात. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण जाण्याआधी त्या माणसांच्या ओसरीवर जाऊन बसा. का उतरलात, काय सोसलंत, विचारा. त्यांच्याइतकं खरं तुम्हाला कुणी सांगणार नाही.

शिवाय गावाला सोडून तुमचं तिथं चालायचंही नाही. बैल कुणाचे? बी कुणाचं? रात्री साप चावला तर गाडी कुणाची? खानापूर तालुक्यात मराठी शाळा पटसंख्येअभावी अडचणीत आहेत. तुमची मुलं घरी शिकवण्याऐवजी गावच्या शाळेत घाला. चार-पाच मुलांनी तिथं किती फरक पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या मुलीलाही मोठ्यांच्या बैठकींपेक्षा बरोबरीच्या पोरी जास्त लागतील.

फ्लॅट या वर्षी विकू नका. भाड्यानंही देऊ नका. जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूला गावातलं एखादं रिकामं घर बघा, आणि मृगापासून दिवाळीपर्यंत राहून बघा. पाचही कुटुंबं, एका चुलीवर. कर्नाटकात जमीन कुळानं द्यायला 1974 पासून बंदी आहे, त्यामुळं लोक दुसऱ्याच्या हाती शेत द्यायला घाबरतात. तुम्ही मागूही नका. शेजाऱ्याच्या शेतात राबायला जा, रोप लावा, भांगलण करा, राखणीला बसा, सुगी करा. रोजगार घेऊ नका, त्याच्याकडून काम शिकून घ्या. मुक्काम संपताना सोळांतले किती जण एकमेकांशी बोलतात ते बघा. मग जमिनीचा व्यवहार करा. तीच नऊ एकर तोवर गेली तर जाऊ दे. घाई करायला लावणारा विकणारा मला कधीच बरा वाटलेला नाही.

यजमानांशी बोलताना 'तुमचं स्वप्न' असं म्हणू नकोस. तुलाही रान आवडतं, हे तू मला लिहिलंस, त्यांना कधी तोंडानं सांगितलंयस का? त्यांना बहुतेक वाटतंय की तू सगळ्यालाच नाही म्हणतेस. 'मला यायचंय, पण या चार गोष्टी झाल्या तर' असं सांग, आणि त्या चार गोष्टी लिहून त्यांच्या हातात दे. उताऱ्यावर माझं नाव, चुलीची पाळी, आईंच्या औषधाची सोय, आणि आधी एक पावसाळा.

आईंच्या औषधावरून आठवलं. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, आणि श्रावणात तिथं दोन-दोन दिवस लाइट नसते. मातीच्या दुहेरी मडक्यात ओली वाळू घालून ते काही दिवस निभतं, पण डॉक्टरांना विचारून, आणि जास्तीचा साठा बेळगावातल्या कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ठेवूनच. ते जमत नसेल तर त्यांनी पावसाळ्यात फ्लॅटवर राहावं आणि तुमच्यापैकी एकानं त्यांच्याजवळ. हे बाकी कुठल्याही गोष्टीच्या आधी ठरलं पाहिजे.

आणि बाळ, त्या काही बोलत नाहीत असं तू लिहिलंस. त्यांना कुणी विचारलंय का? गुंजीकडचं माहेर म्हणजे भाताचा मुलूख. तुमच्या सोळा माणसांत चिखलात उभं राहून रोप लावलेल्या बहुतेक त्या एकट्याच असतील. आज संध्याकाळी देवाला दिवा लावून झाला की त्यांच्याजवळ बस. जायचं की नाही ते विचारू नकोस. भाताच्या रोपांचा तरवा कधी टाकायचा, रोप किती दिवसांचं झालं की काढायचं, माहेरी पाऊस लागला की चूल कशी पेटवायच्या, एवढंच विचार आणि त्यांना बोलू दे. मुलीलाही जवळ बसव. त्या काय म्हणाल्या ते मला लिहून कळव, मी वाट बघते.

तुझी,
अक्का