मुलं कुत्र्याला घाबरतात. घरी कुत्रा असलेल्या नातेवाइकांकडे गणपतीला कसं जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचे गणपती ठाण्याला दिरांकडे असतात. गेल्या वर्षी तिथे लॅब्रॅडोर आणलाय. तुमची मुलं चार आणि सहा वर्षांची, कुत्रा नुसता दिसला तरी रडून आकांत. ‘त्याला आत ठेवा’ म्हटलं तर जाऊबाईंना राग येईल का, की या वर्षी जाणंच टाळावं?

जा. आणि सांगाही. पण दारात चपला काढताना नाही, आधी फोनवर.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना भाऊबीजेला आम्ही नाशिकला दादाकडे गेलो होतो. त्याचा ब्रूनोही लॅब्रॅडोरच, तेव्हा वर्षाचा, म्हणजे अंगाने वासरू आणि अकलेने पोर. दार उघडलं तसा तो सुसाट आला. मी घाबरून मुलीला कडेवर उचललं. तिचे लोंबते पाय बघून त्याला वाटलं खेळच चाललाय. त्याने पुढचे दोन पाय माझ्या पोटावर टेकवले आणि तिचा बूट तोंडात धरला. वहिनी हसत म्हणाली, “अगं, काही करत नाही तो!” मग सगळेच हसले. पुढचे दोन दिवस पोरगी बेडरूममधल्या पलंगावरून खाली उतरली नाही. शू लागली तरी उचलून न्यावं लागायचं.

‘काही करत नाही तो’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण मोठा लॅब्रॅडोर ३० किलोच्या आसपास भरतो आणि चार वर्षांचं मूल १५-१६ किलोचं असतं. आपल्या दुप्पट वजनाचं जनावर, त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर, आणि आजूबाजूचे मोठे लोक हसताहेत. मी असते तर मीही पलंगावरच बसले असते.

वहिनीला नावं ठेवण्याआधी एक कबूल करते. ‘लवकर जेव, नाहीतर भूभू येईल’ हे आमच्या घरी रोज चालायचं. मीही म्हणायचे, सासूबाईही म्हणायच्या. दोन वर्षं घासागणिक ही भीती आम्हीच भरवली होती. तुमच्याकडे हे चालू असेल तर आजपासून बंद करा. गंमत म्हणजे मुलीने न घाबरता पाहिलेले पहिले कुत्रे सासूबाईंच्याच देवघरात होते, दत्ताच्या तसबिरीत. “हे चार भूभू दत्तबाप्पाला चावत नाहीत?” असं तिने विचारलं, आणि मग कितीतरी दिवस कुत्रा या विषयावर आमच्यात रडारडीशिवाय बोलणं व्हायचं ते त्या चौघांबद्दलच.

पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधी दादाला फोन केला. “तुझा ब्रूनो वाईट आहे” असं म्हणाले असते तर पुढचं काहीच ऐकलं गेलं नसतं. मी म्हटलं, “पोरगी फार घाबरते रे, आम्ही येऊ तेव्हा पहिला तासभर त्याला आतल्या खोलीत ठेवशील का?” त्याला मुळीच राग आला नाही. दारात ऐनवेळी सांगितलं की यजमानाला ती तक्रार वाटते, आधी सांगितलं की ती सोय होते. जाऊबाईंशी तुमचं फारसं जमत नसेल तर हा फोन नवऱ्याला करायला लावा. भाऊ भावाशी बोलेल.

फोनवर नेमकं मागायचं काय, तर ‘बांधून ठेवा’ असं मागू नका. खिडकीच्या गजाला बांधलेला कुत्रा समोर माणसं बघून ओढ घेतो, जास्तच भुंकतो, आणि मुलांना दिसतं ते नेमकं तेवढंच. पाहुणे यायच्या आधी त्याला चांगलं दमवून फिरवून आणलं, आणि मग दार लावलेल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवलं, तर तो बराच वेळ स्वस्थ राहतो. शिवाय गणपतीच्या घरात माणसांचा राबता, टाळ-झांजा, बाहेर ढोल-फटाके. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, तोही त्या दिवशी बिथरलेला असू शकतो. घाबरलेलं मूल आणि घाबरलेला कुत्रा यांची ओळख करून द्यायला आरतीची वेळ अगदी चुकीची. दीड दिवसात दोघांची एकदाही गाठ पडली नाही तरी काही बिघडत नाही.

मुलांना घरीच एक गोष्ट शिकवून न्या. आपला ‘स्टॅच्यू’चा खेळ आहे ना, तोच. कुत्रा जवळ आला की स्टॅच्यू: पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात खाली अंगाला चिकटलेले, नजर त्याच्या डोळ्यांत नाही तर आपल्या पायांकडे. पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे आणि वर केलेले हात बघून तो उडी मारतो. आमच्याकडे महिनाभर नवरा कुत्रा व्हायचा आणि मुलगी स्टॅच्यू. (नवऱ्याने भूमिका फार मनावर घेतली होती.) आणि मी केलं तसं पटकन कडेवर घेऊ नका, मुलाच्या आणि कुत्र्याच्या मध्ये तुम्ही उभ्या राहा.

तुम्ही स्वतः शेपटीवर फार भरवसा ठेवू नका. शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खुशीतच आहे असं नसतं. अंग ताठलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, खाणं समोर नसताना जीभ ओठांवरून फिरतेय, झोप नसताना जांभया येताहेत, यातलं काही दिसलं तर तो अवघडलाय. तेव्हा मुलांना घेऊन सरळ दुसरीकडे जा. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ तर मूल मुळीच जाऊ देऊ नका, कितीही गरीब असला तरी.

‘एकदा हात लाव, भीती जाईल’ म्हणणारा एखादा काका प्रत्येक घरात असतोच. त्याला तिथल्या तिथे थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल. किती जवळ जायचं हे मुलानेच ठरवायचं. आमच्याकडे आधी नुसते व्हिडिओ कॉल झाले. मग दादा ब्रूनोला फिरवायला न्यायचा तेव्हा आम्ही मायलेकी वीस-पंचवीस पावलं मागून चालायचो. पाठमोरा कुत्रा मुलांना कमी भीतीदायक वाटतो, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या खेपेला तिने आपणहून ताटलीतलं द्राक्ष त्याच्याकडे फेकलं. मी कौतुकाने बघतेय तोवर दादाने झडप घालून ते उचललं! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, तेव्हा मोदकाच्या सारणात बेदाणे असतील तर मुलांच्या हातातला मोदकही सांभाळा. चॉकलेटचंही तसंच.

दात किंवा नख लागून खरचटलंच, तर हळद-चुना काही न लावता साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुत्र्याच्या लसीचं कार्ड जाऊबाईंकडून मागून सोबत न्या. पोटातली चौदा इंजेक्शनं आता राहिलेली नाहीत. दंडात घेतात, चार-पाच वेळा जावं लागतं.

मुलं कुत्र्याच्या भीतीने शाळेत जायला किंवा खाली खेळायलाही नकार देत असतील, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा. अशी भीती टप्प्याटप्प्याने कमी करण्याची त्यांची ठरलेली पद्धत असते.

आणि इतकं करूनही दिरांनी ‘आमचा कुत्रा मोकळाच राहणार’ असं सांगितलं, तर दर्शन घ्या, प्रसाद घ्या, मुक्काम करू नका.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ब्रूनोला ती अजून कुरवाळत वगैरे नाही, पण तो टेबलाखाली असताना खुर्चीवर पाय वर घेऊन निवांत जेवते. तुमचा फोन मात्र याच आठवड्यात होऊ द्या. हरतालिकेच्या दिवशी केलात तर जाऊबाई उपाशी पोटी नारळ खवत असतील.