गाडीचा आवाज आला की गोल बसायचं

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि शिक्षक
(उत्तरं देणाऱ्या बाई 21 वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आणि पुढे 11 वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी, होत्या.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथी, पट 104, आम्ही चौघे शिक्षक. तिसरीचा वर्ग माझ्याकडेच आहे. गेल्या वर्षी प्रशिक्षणाहून आल्यावर मी मनावर घेतलं की मुलांनी जोडीत, गटात काम करायचं आणि गणितात आधी वस्तू हाताळायच्या, मग वही उघडायची. सहकाऱ्यांना बसवून सगळं समजावलं. सगळे ‘हो मॅडम’ म्हणाले. आठ दिवसांत पुन्हा फळा, खडू आणि ‘लिहून घ्या’. चौथीचे गुरुजी माझ्यापेक्षा 9 वर्षांनी ज्येष्ठ आहेत. ‘मॅडम, असल्या लाटा लई बघितल्या,’ एवढंच म्हणतात. त्यांच्यावर रागावता येत नाही आणि सोडूनही देववत नाही. काय करू?

उत्तर : मॅडम, गुरुजींचं आधी ऐकून घ्या. ते खोटं बोलत नाहीयेत. नव्वदच्या दशकात आनंददायी शिक्षण आलं. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे वर्षभर प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवणं, त्यात मुलांपेक्षा नोंदवह्या जास्त वाढल्या. 2015 च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय निघाला आणि जो तो ज्ञानरचनावाद म्हणू लागला, म्हणजे मूल स्वतः करून बघत आपलं ज्ञान घडवतं हा विचार. 2021 मध्ये निपुण भारत, लहान मुलांचं वाचन आणि गणित पक्कं करण्याचं अभियान. यातलं एकही वाईट नव्हतं. पण प्रत्येक वेळी गुरुजींना कुणीतरी येऊन सांगितलं की आजवर तुम्ही शिकवत होता ते चुकीचं. इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा हे ऐकलेला माणूस ‘हो मॅडम’ म्हणायला शिकतो. ती त्याची ढाल असते.

कुमठे बीटाचं (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याखालच्या शाळांचा समूह) उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या त्या शाळांमध्ये फार चांगलं काम झालं होतं आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्याच्या गाड्या गेल्या. मीही आमच्या केंद्राची एक गाडी घेऊन गेले. परत आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या सगळ्या शाळांच्या फरशा ऑइल पेंटने रंगल्या. अंक, अक्षरं, सापशिडी, काय विचारू नका. तिथल्या बाई मुलाशेजारी खाली बसून त्याला काय विचारत होत्या, ते आमच्यापैकी दोघातिघांनीच टिपून आणलं होतं. रंग आणणं सोपं होतं, तो आला.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. केंद्रप्रमुख झाल्यावर पहिल्याच वर्षी एका शाळेच्या शेरेबुकात मी झोकात लिहिलं : ‘अध्यापन शिक्षककेंद्री आढळले. गट पाडून शिकवावे.’ पुढच्या महिन्यात गेले तर तिसरीची पोरं सुरेख गोल करून बसलेली. मी खूश. एका मुलीजवळ टेकले आणि म्हटलं, रोज असंच बसता का गं? ती म्हणाली, ‘नाही बाई. तुमच्या गाडीचा आवाज आला की गोल बसायचं.’ गुरुजी फळ्याकडे तोंड करून तारीख पुसायला लागले. तारीख त्या दिवसाचीच होती.

घरी येताना खूप राग आला होता. पुढे कळलं की त्या गुरुजींनी माझ्या शेऱ्याला अगदी प्रामाणिक उत्तर दिलं होतं. मी ‘गोल’ मागितला, त्यांनी दिला.

त्यानंतर गेले ती शेरेबुक न मागता. म्हटलं, गुरुजी, आज वजाबाकी मी घेते, तुम्ही मागे बसा आणि काय चुकतंय ते बघा. मी काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून नेले होते. वाटले, आणि पाचव्या मिनिटाला तलवारबाजी सुरू झाली. एकाने दोन काड्या नाकाला लावून वालरस केला. पस्तीस मिनिटांत वर्गाची मिळून चार उदाहरणं झाली. गुरुजी मागे बसून मनापासून हसत होते. माझं सगळं पुण्य त्या पडलेल्या पाठात आहे, मॅडम. बाईंचाही वर्ग हातातून सुटतो हे त्यांनी पाहिलं आणि आमच्यातली साहेबी तिथे संपली.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मुलांच्या वह्या काढल्या. 26 वह्या. उदाहरण होतं 52 वजा 27. चुकलेल्यांपैकी 11 जणांचं उत्तर एकच होतं : 35. गुरुजींनी सगळ्यांवर रीतसर फुल्या मारल्या होत्या. मी एका मुलाला बोलावलं आणि एवढंच विचारलं, हे कसं केलंस? तो म्हणाला, ‘दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन काढले. पाच. पाचातून दोन गेले, तीन.’ आम्ही काहीच बोललो नाही. तो गेल्यावर गुरुजी म्हणाले, ‘बाई, हा तर विचार करतोय. मी समजत होतो, लक्ष देत नाही.’

गुरुजी बदलले ते या वाक्यापाशी. माझ्या शेऱ्याने नाही, भाषणाने नाही आणि काड्यांनी तर मुळीच नाही.

पुढचं सगळं त्यांनी स्वतःच केलं. काड्यापेटीच्या काड्या बारीक, त्यांचा खेळ होतो, म्हणून तुराट्यांचे बोटभर तुकडे केले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून त्यांचे गठ्ठे बांधले. एकेकाला न देता जोडीला एक डबा दिला, आणि जोडीत काम हे असं आपसूक आलं. एका मुलीने विचारलं, ‘गुरुजी, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?’ याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं! दोन दिवस विचार करून गुरुजींनी ‘उसना’ शब्दच टाकून दिला. दहाची नोट मोडून सुट्टे घेतात, तसा पाच गठ्ठ्यांतला एक सोडायचा. उरले चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या, बारातून सात गेले की पाच. उसनवारी नाहीच, आपलेच दहा आपण मोडले. गठ्ठा हाताने सोडल्याशिवाय ‘सुट्टे केले’ म्हणायचं नाही, असा त्यांच्या वर्गाचा नियम झाला. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

तेव्हा तुम्ही चौथीच्या गुरुजींना काही समजावू नका. त्यांच्याकडे एक वही घेऊन जा, शक्यतो तुमच्या तिसरीतली, आणि विचारा : गुरुजी, हा पोरगा असं का लिहीत असेल? तुमच्या वर्गाची चूक आधी उघडी करा. ज्येष्ठ माणसाला सल्ला विचारलेला आवडतो हे आहेच, पण इथे तो नुसता मान राखणं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी मुलं पाहिलीत. कोणतं पोरगं कुठे अडतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त त्यांना ते कुणी कधी विचारलेलं नाही.

वेळ कुठून आणायचा, हा तुमचा खरा प्रश्न असणार, पत्रात लिहिला नसला तरी. स्वतःचा वर्ग सोडून दुसऱ्याचा पाठ कसा बघणार? तिसरी-चौथी आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसवा. एकाने पाठ घ्यायचा, दुसऱ्याने फक्त मागच्या बाकावरच्या तीन मुलांकडे बघायचं. शिक्षकाकडे बघायचंच नाही. पाठ संपल्यावर बोलायचं तेही त्या तीन मुलांबद्दल : ही काय करत होती, तो कुठे थांबला. ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ हे वाक्य जिभेवर आलं तर पाणी प्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट. तुम्ही एकाच बैठकीत जोडीकाम, गटकाम आणि वस्तू हाताळणं, सगळं एकदम वाढलंत. दिवाळीपर्यंत फक्त वजाबाकी आणि फक्त गठ्ठे धरा. बाकी सगळं फळा-खडूनेच चालू दे. खडू काही पाप नाही. मी स्वतः बत्तीस वर्षं खडूची पूड खाल्ली आहे आणि काही धडे खडूनेच उत्तम शिकवता येतात.

एक पथ्य पाळा. पहिले दोन महिने याचा एकही फोटो केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. फोटो गेला की अंगठे येतात, मग गटशिक्षण कार्यालयातून ‘व्हिडिओ पाठवा’ येतं, आणि गुरुजी पुन्हा गाडीच्या आवाजाची वाट बघायला लागतात.

प्रश्न : मॅडम, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिक्षण सेवक म्हणून दोन वर्षांपूर्वी लागलो. पहिली-दुसरी माझ्याकडे. मुलांची घरची भाषा पावरी, मला ती येत नाही. खेळ, गाणी, गटकाम करतो तर शेजारच्या वर्गातले सर म्हणतात, नुसता गोंगाट. साहेब येतात ते माहिती मागायला. मला शिकवणारं कुणी नाही. नव्या धोरणात वर्षाला 50 तास प्रशिक्षण म्हणतात, ते मोबाइलवर पूर्ण करतो, पण माझ्या वर्गाचं त्यात काही सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही. 50 तासांत तुमच्या वर्गातली पोरं येत नाहीत.

तुम्हाला शिकवणारं माणूस शाळेतच आहे, पण तुम्ही चुकीच्या दिशेला बघताय. खिचडी शिजवणाऱ्या मावशी स्थानिक असतील ना? त्यांना पावरी येते, मराठी येते आणि प्रत्येक पोराचं घर माहीत असतं. रोज सकाळी चूल पेटण्याआधी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. त्या दिवसाच्या धड्यातले पाच शब्द त्यांच्याकडून पावरीत घ्या आणि वहीत देवनागरीत लिहून ठेवा. वर्गात ते चुकीच्या उच्चारात म्हणा. मुलं हसतील, दुरुस्त करतील, आणि गप्प बसणारं पोरगंही त्या वेळी तोंड उघडेल. मावशींना मान द्या आणि जमेल तेव्हा वर्गात बोलवून एक गोष्ट सांगायला लावा. पहिलीच्या मुलाला मराठी शिकवायची तर त्याच्या भाषेतून वाट काढावी लागते. शहरातल्या मोठ्या शाळांची गोष्ट नाही ही, डोंगरातल्या एकेका वस्तीची आहे, आणि तिथे मावशींइतकं तज्ज्ञ कुणी नसतं.

अंकांचंही बघून ठेवा. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, वीस मागून, म्हणून मुलं 52 लिहितात. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषा मेली म्हणून लोक रडले. माझं मत विचाराल तर ज्याची घरची भाषाच मराठी नाही, त्याला सुरुवातीला वीस पाच म्हणू द्या, पंचवीस मागून येतंच.

गोंगाटाबद्दल सरांचं थोडं खरं आहे. मधे एकच भिंत, आणि त्यांनाही दोन वर्ग सांभाळायचेत. गाणी पहिल्या तासाला, त्यांचाही परिपाठ रेंगाळत असतो तेव्हा घ्या. शांत होण्याची एक खूण ठरवा, दोन टाळ्या किंवा हात वर. ती रोज खेळ म्हणून घटवा. आणि सरांकडे तक्रार घेऊन न जाता एखाद्या शनिवारी म्हणा, सर, तुमच्या तिसरी-चौथीतली चार मुलं माझ्या पहिलीला गोष्ट वाचून दाखवतील का? त्यांची मुलं तुमच्या गोंगाटात आली की तो थोडा त्यांचाही होतो.

केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळी आणखी एक पहिलीचा शिक्षक गाठा, तुमच्याइतकाच गोंधळलेला. रात्री फोनवर दहा मिनिटं रडायला कुणीतरी लागतं.

प्रश्न : सहकाऱ्याला त्याचा पाठ दाखवता यावा म्हणून मी मोबाइलवर चित्रीकरण केलं तर चालेल का? (एक मुख्याध्यापक, सांगली)

उत्तर : आधी विचारून, आणि मोबाइल त्याच्याच हातात देऊन. कॅमेरा मुलांच्या हातांवर आणि वह्यांवर ठेवा, शिक्षकाच्या चेहऱ्यावर नको. दोघांनी मिळून एकदा बघा आणि त्याच्यासमोरच पुसून टाका. पहिलं चित्रीकरण मात्र तुमच्या पाठाचं, आणि ते त्याने करायचं.