हॅम रेडिओच्या ४० आणि ८० मीटर बँडवर परदेशी स्टेशनं ऐकायला नेमकं कधी बसावं?

तुम्ही लिहिलंय की रविवारी जेवण उरकून सेटसमोर बसता, पण ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) बेळगाव-हैदराबादपलीकडचं काही येत नाही आणि ८० (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) तर ठार मेलेला असतो. सेट बहुतेक ठीकच आहे, वेळ चुकतेय. दिवसा वातावरणाच्या विद्युतभारित भागातला (आयनोस्फिअर) ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर हे सिग्नल गिळतो. फ्रिक्वेन्सी जितकी खालची, तितकी गळती जास्त. सूर्य मावळला की तो झपाट्याने विरतो आणि सिग्नल परत जमिनीकडे वळवणारा वरचा एफ थर कामाला उरतो.

मी साताऱ्याकडचा. डिसेंबरात इथे सूर्योदय सातच्या सुमारास. साडेसहाला कानटोपीवर हेडफोन चढवून बसतो. तेव्हा जर्मनीत रात्रीचे दोन, म्हणजे सगळी वाट अंधारातली. ८० मीटरवर आधी नुसती खरखर. मग तळातून एखादा मोर्सचा सूर वर येतो, पाच-दहा मिनिटं शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा खणखणीत वाजतो, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत गेलेलाही असतो! ४० मीटर मात्र उजाडल्यावरही थोडा वेळ साथ देतो.

संध्याकाळी सहाला तोंड पूर्वेकडे. जपानमध्ये साडेनऊ वाजलेले असतात, ४० मीटरवर तो सहसा मिळतो. त्याच वेळी न्यूयॉर्ककडे उजाडत असतं, त्यामुळे तिकडचंही दार किलकिलं होतं. पण ती वाट ध्रुवाजवळून जाते, केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा) चढलेला असेल तर नाद सोडा.

आधी घरातल्या उपकरणांचा रेडिओत येणारा गोंगाट शोधा, हे मात्र कळकळीने सांगतो. मी महिनाभर अँटेनाला शिव्या घातल्या. एका पहाटे वीज गेली, सेट बॅटरीवर होता, आणि सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-९ वरून धप्पकन एस-३ वर. गुन्हेगार निघाला देवघरातल्या एलईडी माळेचा स्वस्तातला अडॅप्टर.

दहा मीटर उंचीवर टांगलेला ८० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराचा तारेचा अँटेना) बराचसा सिग्नल आकाशात सरळ वर फेकतो; बेळगावला उत्तम, बर्लिनला कमजोर. ४० साठी दहा मीटरची उभी वायर आणि खाली भरपूर रेडियल (जमिनीलगत चहूकडे पसरलेल्या तारा) घालून बघा.

मोर्स येत असेल तर सीक्यू (कुणालाही उद्देशून हाक) मारून रिव्हर्स बीकन नेटवर्कवर (जगभरच्या रिसीव्हरांनी ऐकलेल्या सिग्नलची नोंद दाखवणारी वेबसाइट) आपला कॉल साइन (आपल्या परवान्यावरचं ओळखचिन्ह) शोधा. कुणी उत्तर दिलं नाही तरी सिग्नल कुठवर पोचला ते तिथे दिसतं.

मे महिन्यात यात पडू नका. वळवाच्या विजांचा कडकडाट सगळं झाकून टाकतो; मी तर तेव्हा अँटेनाची केबलच काढून ठेवतो.