न्यूयॉर्कच्या एजन्सीत रुजू होण्याआधी: सेल्स रेपकडून काम कसं घ्यायचं

तुमचा प्रश्न असा: घर सांगलीत, पुण्याच्या एजन्सीत ॲडफिल्म्सचं काम केलं, आता न्यूयॉर्कला एजन्सी प्रोड्यूसर म्हणून निघालात. तिथे कुणाशी ओळख नाही. रेपमार्फत (म्हणजे प्रॉडक्शन हाऊसच्या विक्री-प्रतिनिधीमार्फत) प्रॉडक्शन हाऊस शोधतात ते कसं, आणि रेपचे पैसे कोण देतं?

पैशाचं आधी. एजन्सीने रेपला काहीच द्यायचं नसतं. हळदीच्या पेठेतला अडत्या जसा शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यापुढे मांडतो, तसा रेप प्रॉडक्शन हाऊसचे दिग्दर्शक तुमच्यापुढे मांडतो. त्याला दरमहा रिटेनर (ठरावीक मानधन) आणि मिळालेल्या कामावर कमिशन हाऊसच देतं. म्हणून तो स्वतःच्या यादीबाहेरचं नाव सहसा सुचवणार नाही. एकाच रेपवर विसंबू नका, चार-पाच जणांशी बोला. एडिटिंग, व्हीएफएक्स आणि संगीत यांच्या कंपन्यांनाही रेप असतात.

अमेरिकेत रेपचे इलाखे ठरलेले असतात: पूर्व किनारा, मिडवेस्ट, पश्चिम किनारा. हाऊस लॉस एंजेलिसचं असलं तरी तुमची एजन्सी न्यूयॉर्कची, म्हणून फोन पूर्वेच्या रेपला. एकच दिग्दर्शक अमेरिकेत एका हाऊसकडे आणि लंडनमध्ये दुसऱ्याकडे साइन असू शकतो. न्यूयॉर्कच्या कामासाठी लंडनच्या हाऊसला विचारलंत, तर दोन हाऊस एकमेकांसमोर उभे राहतात आणि मधे तुमचं नाव खराब होतं. दिग्दर्शकाच्या वेबसाइटवर देशवार संपर्क दिलेला असतो, तो आधी पाहा.

पहिल्या मेलमध्ये पुढची माहिती हवीच: स्क्रिप्ट किंवा स्टोरीबोर्ड (लागेल तिथे एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, झाल्यानंतर), किती फिल्म्स आणि किती सेकंदांच्या, शूटच्या तारखा, ठिकाण, कलाकार युनियनचे की नाहीत, ऑन-एअर तारीख आणि बजेट. बजेट लपवायची सवय आपल्याकडून घेऊन जाऊ नका. आकडा पक्का नसेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही सांगा. ते न सांगता मागवलेल्या नावांत निम्मे दिग्दर्शक तुम्हाला परवडणारे नसतात, आणि क्रिएटिव्ह टीमचा जीव नेमका त्यांच्यावरच जडतो.

रील, म्हणजे दिग्दर्शकाच्या आधीच्या कामाचे नमुने, बघताना मात्र हळदीचा व्यापारी व्हा. तो ढिगाच्या वरचा थर बघून भाव करत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. रीलवर बऱ्याचदा डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःच्या मनासारखी एडिट केलेली फिल्म, असतो. रेपकडे टीव्हीवर गेलेली फिल्म मागा, आणि ती साधारण किती बजेटमध्ये, किती दिवसांत झाली तेही विचारा. तुमच्याकडे एक दिवसाचं शूट असेल, तर तीन दिवसांत केलेल्या फिल्मवरून अंदाज बांधू नका.

आठ-दहा नावांतून साधारण तीन दिग्दर्शकांना बिडला, म्हणजे खर्चाची बोली द्यायला, बोलावतात. आधी क्रिएटिव्हबरोबर कॉल, मग ट्रीटमेंट (फिल्म कशी करणार याची दिग्दर्शकाची लेखी मांडणी) आणि बिड. ट्रीटमेंटवर हाऊसचा वेळ आणि पैसा जातो, तोही काम मिळण्याआधी. नाव आधीच ठरलेलं असताना तिसऱ्याला निव्वळ कागद पुरा करायला बोलावणं हा अन्याय आहे. अशा दिखाऊ बिडांवरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने एजन्सींची चौकशी सुरू केली होती. २०१८ मध्ये ती आरोपांविना बंद झाली, पण या बाबतीत लोक अजून सावध असतात.

बिड एआयसीपीच्या (अमेरिकेतल्या ॲडफिल्म निर्मात्यांच्या संघटनेच्या) ठरलेल्या फॉर्मवर येतं. ए आणि बी भागांत क्रू, एलमध्ये दिग्दर्शकाची फी. मार्कअप (हाऊसचा नफा आणि वरखर्च) साधारणपणे ए ते के या खर्चावर लावतात, दिग्दर्शकाची फी त्याबाहेर. नुसती खालची बेरीज ताडून फसायला होतं. एकाने दिवस १० तासांचा धरलेला असतो, दुसऱ्याने १२ चा. पहिला स्वस्त दिसतो आणि ओव्हरटाइममध्ये महाग पडतो. पावसाने शूट बुडालं तर लागणारा वेदर डे फर्म बिडमध्ये (पक्क्या रकमेच्या बोलीत) धरलेला नसतो. त्याचा वेगळा आकडा काम देण्याआधीच लेखी घ्या.

व्हिसाबद्दल एकच. रेप म्हणजे कलाकारांचा टॅलेंट एजंट नव्हे. ओ-१ चा (असामान्य कौशल्य असलेल्यांच्या व्हिसाचा) अर्ज अमेरिकेतला एजंट भरू शकतो हे ऐकून विक्रीच्या रेपकडे ती अपेक्षा ठेवू नका. व्हिसाचं एजन्सीच्या वकिलाशीच बोला.

निघण्याच्या दोन महिने आधी ओळखीचे कॉल सुरू करा. तिकडचे सकाळचे १० म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात सांगलीत संध्याकाळचे ७:३०, हिवाळ्यात ८:३०. काम हातात नसताना केलेला हा कॉल रेपला आवडतो, कारण तेव्हा तो विकायच्या घाईत नसतो. त्याला एवढंच विचारा की यादीत नवं कोण आलंय आणि विनोदी कोण चांगलं करतं. पुढे काम दिलंत की हरलेल्या दोन्ही रेपना त्याच दिवशी फोन करून कारण सांगा. पुढच्या वेळी तारखा अडचणीच्या असल्या, तरी ते तुमच्यासाठी दिग्दर्शकाला गळ घालतात.