कुंडीतल्या टोमॅटोची पानं वळतायत आणि फळं खालून काळी पडतायत, हा नेमका कोणता रोग?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर ८ इंची कुंडीत टोमॅटो आहे, मे लागल्यापासून पानं वळायला लागली, काही पिवळी पडली आणि आता फळांच्या बुडाला काळे डाग आलेत. एक शेजारी म्हणतात व्हायरस आहे, उपटून टाका. दुसरे म्हणतात अंड्याची टरफलं घाला. मी पुण्यात बारा वर्षं गच्चीवर टोमॅटो लावते. शेतकीची पदवी नाही, पण चुका भरपूर करून झाल्यात.

पहिली गोष्ट, या दोन तक्रारी वेगळ्या धरा. सगळ्याला मिळून एकच नाव शोधायला गेलात तर चुकीचं औषध हातात येईल.

फळांचं मी फोटो न बघताही सांगते. डाग देठाकडे नाही, बरोबर विरुद्ध टोकाला आहे, आधी पाणचट, मग तपकिरी-काळा, चामड्यासारखा आणि किंचित आत बसलेला. बरोबर ना? हा रोगच नाही. ना बुरशी, ना कीड. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही, एवढंच. आता टरफलवाले शेजारी खूश होतील, पण थांबा. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पानांतून पाणी भराभर उडत असल्यामुळे बराचसा वाटा पानंच घेतात. ८ इंची कुंडी मेच्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत होते, संध्याकाळी तुम्ही बदाबदा पाणी घालता, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या ओढाताणीत फळाचं टोक उपाशी राहतं. टरफलं कुजून त्यातलं कॅल्शियम सुटायला महिने जातात, तोवर हंगाम संपतो. पानांवर कॅल्शियम फवारूनही फारसं साधत नाही, कारण पानात गेलेलं कॅल्शियम तिथून निघून फळात जात नाही. युरिया किंवा शेणखताचा मारा केला असेल तर तो थांबवा, नुसता पाला माजला की हा त्रास वाढतो. मातीवर दोन-तीन बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी द्या, आणि पुढच्या वेळी १५ इंची कुंडी घ्या. डागाळलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. काळा भाग कापून उरलेलं फळ आमटीत घालायला हरकत नाही.

आता पानं. इथे मात्र तुमच्या प्रश्नात नेमकी हवी ती माहिती नाही. कुठली पानं वळलीत, खालची जुनी की शेंड्याची कोवळी?

खालची पानं लांबीच्या दिशेनं वर वळून सुरळीसारखी झाली असतील, हाताला जाड, करकरीत लागत असतील, रंग हिरवाच असेल आणि वर नवी वाढ नीट चालू असेल, तर ते झाड उन्हापासून स्वतःला वाचवतंय. त्याला काहीही करू नका. आम्ही सुरुवातीला अशी तीन धट्टीकट्टी झाडं ‘व्हायरस, व्हायरस’ म्हणत उपटली होती, अजून चुटपुट लागते.

शेंड्याची पानं बारीक राहिलीत, वाटीसारखी वळलीत, कडा आणि शिरांमधला भाग पिवळा पडलाय, पेरं आखूड होऊन शेंडा गुच्छासारखा दिसतोय आणि फुलं गळतायत, तर मात्र शेजारी बरोबर आहेत. हा पर्णगुच्छ, पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. झाड हलकेच हलवून बघा. पिठाचे कण उडावेत तसं काहीतरी उडून पुन्हा पानांखाली जाऊन बसलं, तर तीच माशी. उन्हाळ्यात ती वाढते.

पिवळेपणाचंही असंच खालून वर वाचायचं. खालची पानं सरसकट फिकट पिवळी झाली तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा मॅग्नेशियम. पानांवर टाचणीनं टोचल्यासारखे फिकट ठिपके असतील तर पांढरा कागद खाली धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. त्याला कोरडी उष्ण हवा आवडते. पानांच्या खालच्या बाजूनं रोज पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मं काम होतं. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. दिसायला वाईट, पण दोन-चार पानं तोडली की भागतं.

आणि करपा, म्हणजे पानांवर डाग पडून ती करपत जाणारा रोग. लवकर येणारा करपा जमिनीजवळच्या पानांपासून सुरू होतो. तपकिरी डागात एकात एक वलयं असतात, ओंडक्याच्या कापावर दिसतात तशी, आणि भोवती पिवळी कड. तो सावकाश वर चढतो. उशिरा येणारा करपा ढगाळ, गार, ओल्या हवेतला. पाणचट काळे चट्टे, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी आणि चार दिवसांत झाड खल्लास. मे महिन्यात तुमच्या गच्चीवर तो असण्याची शक्यता फार कमी.

माझी एक फजिती सांगते. एका एप्रिलमध्ये सकाळी अकरा वाजता मी कडुनिंबाचं तेल आणि भांड्याचा साबण असं मिश्रण चांगलं सढळ हातानं फवारलं. तिसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी चट्टे. मी ठरवलं करपा, आणि बुरशीनाशक आणलं. नंतर लक्षात आलं की चट्टे फक्त उन्हाकडच्या पानांवर होते, सगळे एकाच दिवशी आले होते आणि पुढे एकही वाढला नव्हता. मीच भाजलं होतं झाड. तेव्हापासून मी दोरा बांधते. जिथपर्यंत डाग पोचलेत त्या पानाच्या देठाला जुन्या राखीचा लाल दोरा, आणि मग चार दिवस काही फवारायचं नाही. डाग दोऱ्याच्या वर गेले तर रोग किंवा कीड, तिथेच थांबले तर ऊन, वारा, खत नाहीतर आपलेच प्रताप. अपवाद एकच, उशिरा येणारा करपा. त्याचा संशय असेल तर चार दिवस थांबायचं नाही, रोगट पानं लगेच काढायची.

झाड हिरवंगार असताना, माती ओली असूनही एकाएकी मान टाकत असेल तर बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात अर्धवट बुडवून धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे उभं झाड सुकवणारा रोग. धागे नाहीत पण खोड आतून तपकिरी आहे, तर बुरशीची मर. दोन्हीही नाही, तर मुळं बघा. त्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म किडे), आणि काळी पडून सडली असतील तर पाणी जास्त झालंय.

फळं लाल न होता पिवळट-नारिंगी राहत असतील तरी घाबरू नका. २०२० च्या उन्हाळ्यात नगर, नाशिक, पुणे, साताऱ्याकडच्या शेतांत चट्ट्यापट्ट्यांची फळं आली, ‘तिरंगा व्हायरस’ नाव पडलं आणि बंगळूरला तपासलेल्या नमुन्यांत काकडी मोझॅक विषाणू सापडला. तेव्हापासून पिवळं फळ दिसलं की लोक दचकतात. पण ३० अंशांच्या वर लाल रंग तयारच नीट होत नाही. चट्टे नसतील आणि शेंडा चांगला असेल तर फळ पिवळेपणावर तोडून घरात सावलीत ठेवा, पिकतं.

पर्णगुच्छच निघाला तर उपाय नाही, उपटायचंच. मात्र सकाळी लवकर, माश्या गारठून बसलेल्या असताना. आधी झाडावर मोठी पिशवी उलटी घालून बुडाशी आवळा, मग उपटा, नाहीतर सगळ्या माश्या उडून शेजारच्या मिरचीवर जाऊन बसतील. पुढचं रोप सप्टेंबरात लावा आणि मिळालं तर ‘अर्का रक्षक’ हे टोमॅटोचं वाण घ्या, पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. बाकी शेंड्याचा एक फोटो आणि पानाच्या खालच्या बाजूचा एक टाका, मग नक्की सांगता येईल.