पंप सुरू झाला की बोर्ड रीसेट होतो? मग तोच तुझा प्रोजेक्ट

तुझी अडचण मला अशी कळली: डिप्लोमाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), मातीतला ओलावा मोजणारा दोन पायांचा सेन्सर, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि छोटा पंप. पंप चालू झाला की बोर्ड रीसेट होतो, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, आठ दिवसांत सेन्सरची रीडिंगं भरकटली, सबमिशनला तीन आठवडे उरलेत आणि मैत्रिणी म्हणतात की सरळ तयार प्रोजेक्ट विकत आण. शिवाय पुढे हे घरच्या विहिरीवरच्या पाच एचपी मोटरला जोडायचंय.

तुला ‘तू’च म्हणतो, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. कंट्रोल पॅनेलच्या कामात माझी पंचवीस वर्षं गेली.

तयार प्रोजेक्ट आणू नकोस. मी आणला होता. टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी रिलेशेजारच्या डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) पेनचं टोक ठेवून विचारलं, “हा काढला तर काय होईल?” मी गप्प उभा राहिलो. पास झालो, पण त्या प्रश्नाचं उत्तर कळलं ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका पॅनेलमधले ट्रान्झिस्टर एकामागून एक उडायला लागले तेव्हा. तुझ्यापुढे तोच धडा आज टेबलावर आलाय, तो सोडू नकोस.

आधी एक गोष्ट बघ: बोर्ड पंप चालू होताना रीसेट होतो की बंद होताना? दोन्हींची कारणं वेगळी आहेत. प्रोग्रामच्या setup भागात (बोर्ड सुरू होताना तो एकदाच चालतो) ‘सुरू’ असा एक शब्द सीरियल मॉनिटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर बोर्डचे संदेश दिसतात त्या खिडकीत, छापायला लाव, म्हणजे प्रत्येक रीसेट दिसेल.

चालू होताना होत असेल तर व्होल्टेज बसतंय, म्हणजे क्षणभर खाली जातंय. तू नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावलीयस आणि पंपही बोर्डच्या पाच व्होल्टच्या पिनवरूनच घेतलायस, दोष तिथेच असणार. मोटर जागची हलताना तिला चालू असतानाच्या कितीतरी पट करंट लागतो. त्या बॅटरीचा आतला रोध इतका असतो की तेवढा करंट मागितला की ती कोलमडते. बोर्डवरच्या रेग्युलेटरला (बॅटरीचं व्होल्टेज पाचवर आणणारा पार्ट) निदान ७ व्होल्ट हवेत, आणि चिपला मिळणारं व्होल्टेज साधारण २.७ च्या खाली गेलं की ऊनो स्वतःहून रीसेट होतो. मल्टीमीटर लावून बघ, पण तो सावकाश असतो, त्यात ४.३ दिसलं तर खरा खड्डा त्याहून खोल आहे असं धर. कॉलेजच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) सिंगल ट्रिगरवर, म्हणजे एकच झटका पकडून थांबेल असा, ठेवून तो खड्डा पकड आणि त्याचा फोटो रिपोर्टमध्ये लाव. तयार प्रोजेक्टवाल्यांकडे हा फोटो नसतो.

उपाय सोपा आहे. पंपाला वेगळा सप्लाय दे. दोन्ही सप्लायचे ग्राउंड जोडायचे की नाही, यावर पोरं भांडतात: पंप ट्रान्झिस्टरने चालवत असशील तर जोडावेच लागतात, रिलेच्या कॉन्टॅक्टमधून असेल तर गरज नाही. बोर्डच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, पोलॅरिटी (प्लस-मायनस) बघून.

बंद होताना रीसेट होत असेल तर मात्र मोटरच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधतेय. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लाव, पट्टीची बाजू प्लसकडे. त्या सरांनी विचारलेला रिलेशेजारचा डायोडही हेच काम करतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळेल, दहा-वीस घेऊन ठेव.

आता सेन्सर. त्याचे पाय बाहेर काढून उजेडात बघ, एका पायावरचा मुलामा खाल्लेला दिसेल. ओल्या मातीत सतत डीसी सोडलं की इलेक्ट्रॉलिसिस होतंच. सेन्सरला कायम पाच व्होल्ट न देता एका डिजिटल पिनवरून दे: अर्ध्या तासाने पिन चालू, क्षणभर थांबून रीडिंग, पिन बंद. जमलं तर कपॅसिटिव्ह सेन्सर घे; त्याच्या वरच्या भागातले पार्ट उघडे असतात, तिथे इपॉक्सी लावून पाणी अडव.

आकड्यांना अर्थ येण्यासाठी सिव्हिलच्या लॅबमध्ये जा, त्यांच्याकडे ओव्हन असतो. रीडिंग घेतलेल्या जागची माती वजन कर, १०५ अंशांवर २४ तास वाळव, परत वजन कर. वजनातला फरक भागिले कोरड्या मातीचं वजन, हा खरा ओलावा. असे सात-आठ बिंदू घेऊन आलेख काढ. आणि तुमची जमीन काळी असेल तर लक्षात ठेव, ती वाळली की भेगाळते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि तो आहे त्यापेक्षा कोरडं दाखवतो. पंप चालू आणि बंद करायचा आकडा एकच ठेवू नकोस, नाहीतर त्या आकड्याजवळ रिले टकटकत राहील.

घरच्या मोटरचं मात्र नीट ऐक. निळ्या रिलेवर २५० व्होल्ट छापलेलं असतं. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. तो रिले तिथे चालणार नाही, मोटरच्या वायरमध्ये तर नाहीच नाही. योग्य रेटिंगचा मधला रिले किंवा कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटचा रिले) लागेल; त्याचा चालू करणारा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर आणि बंद करणारा लाल बटणाच्या सिरीजमध्ये बसतो. ते काम परवानाधारक वायरमनकडून, डीपीवरून सप्लाय पाडूनच. विहिरीत पाणी नसताना मोटर कोरडी चालू नये याचीही सोय आधी हवी. या तीन आठवड्यांत स्टार्टरचं झाकण उघडू नकोस. प्रोजेक्ट कुंडीवरच दाखव.

आज फक्त ‘सुरू’ कधी छापलं जातं ते बघ. चालू होताना की बंद होताना, ते इथे लिही, पुढचं मग सांगतो.